वृद्ध निवासी रुग्णांचा मलावरोध आणि रेचकांचा वापर

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार कामकाज यांच्या जोडीने आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. यंदाचा विषय काहीसा संकोचाचा आहे. चारचौघांत त्याचा उच्चार होत नाही आणि देणगीच्या फलकावर त्याचे नाव कधी कोरले जात नाही. तरीही दीर्घकाळ शुश्रूषेसाठी राहिलेल्या वृद्धांच्या खोलीत सकाळची पहिली चौकशी असते ती त्याचीच. नातेवाईकांचा दूरध्वनी आला तरी झोप, जेवण आणि ‘पोट साफ झाले का’ या तीन प्रश्नांपलीकडे संभाषण फारसे जात नाही. ज्या प्रश्नाने ज्येष्ठांचा अर्धा दिवस व्यापलेला असतो, त्याची शास्त्रीय माहिती आपल्या हितचिंतकांना असावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे लहान खासगी रुग्णालय, असा अर्थ रूढ आहे. येथे अभिप्रेत आहेत ते वृद्धाश्रमांत, शुश्रूषा केंद्रांत आणि धर्मादाय रुग्णालयांच्या दीर्घ निवासी विभागांत महिनोन्‌महिने राहणारे ज्येष्ठ. घरात हिंडत्या-फिरत्या आजोबांचा मलावरोध आणि पक्षाघातानंतर दोन वर्षे खाटेवर असलेल्या आजोबांचा मलावरोध यांना नाव एकच असले, तरी त्यांचे उपाय एक नाहीत.

मलावरोध कशाला म्हणावे?

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, हा समज इतका खोल रुजलेला आहे की एक दिवस चुकला तरी ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ होतात. वस्तुतः दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कोणतेही प्रमाण स्वाभाविक मानले जाते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मल खड्यांसारखा कठीण असणे, पोट पुरते साफ न झाल्याची भावना राहणे, बोटाचे साहाय्य घ्यावे लागणे, अशा तक्रारींपैकी दोन किंवा अधिक टिकून राहिल्या, तर त्यास मलावरोध म्हणावे. म्हणजे रोज शौचास जाणाऱ्या व्यक्तीलाही मलावरोध असू शकतो, आणि एक दिवसाआड जाणाऱ्याला मुळीच नसू शकतो.

१९९७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील लुईस आणि हीटन या डॉक्टरांनी मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार चित्रांनी दाखविणारी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पहिला प्रकार सुट्या कठीण खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा, आणि तिसरा-चौथा हे इष्ट. वरवर पाहता ही गोष्ट हास्यास्पद वाटेल. परंतु ‘थोडे झाले’, ‘बरे झाले’ या मोघम उत्तरांऐवजी विभागातील मावशींनी चित्रावर बोट ठेवून ‘दोन नंबरचे’ असे सांगितले, की डॉक्टरांना औषधाचे प्रमाण ठरविण्यास नेमका आधार मिळतो. यासाठी लिहिता-वाचता येण्याचीही आवश्यकता नाही. दीर्घ निवासी विभागात ताप व रक्तदाबाच्या तक्त्याशेजारी शौचाचा तक्ता असावा, असा आमचा आग्रह आहे तो यासाठीच.

कारणे एकात एक गुंतलेली

केवळ वय वाढल्याने आतडे निकामी होत नाही. वयाबरोबर जे येते, त्याने ते मंदावते. हालचाल थांबते. मधुमेह, थायरॉईडची उणीव, कंपवात, पक्षाघात, नैराश्य यांपैकी एखाददुसरा विकार सोबतीला असतोच. दात गेलेले असतात आणि कवळी सैल झालेली असते; त्यामुळे भाकरी, पालेभाजी, फळे सुटतात आणि चहा-बिस्कीट, मऊ भात, पाव यांवर गुजराण होते. कवळी नीट बसवून घेणे हाही मलावरोधावरचा उपचार आहे, हे सांगितल्यावर अनेक कुटुंबांना आश्चर्य वाटते. पाण्याचे म्हणाल, तर रात्री कोणाला उठवायला नको म्हणून कितीतरी आजी संध्याकाळी चारनंतर पाण्याला स्पर्श करीत नाहीत. त्यांना तहान नसते असे नाही. त्यांना संकोच असतो.

औषधांचा वाटा मात्र आम्ही सर्वांत मोठा समजतो. ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही वेदनाशामके, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबावरील व्हेरापामिल, कंपवातासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठी वा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन, सर्दी-खाज यांवरील जुन्या पद्धतीच्या गोळ्या, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके: ही सर्व आतड्याची गती कमी करतात किंवा मल घट्ट करतात. एका विकाराचे औषध, त्या औषधाने झालेल्या मलावरोधासाठी रेचक, रेचकाने पोटात कळ येते म्हणून आणखी एक गोळी, आणि त्या गोळीने पुन्हा मलावरोध, असे चक्र सुरू होते. म्हणून नवे रेचक लिहिण्यापूर्वी जुनी यादी तपासून तिच्यातील एखादे औषध गाळता येते का, हे पाहणे हा उपचाराचा पहिला भाग होय.

अनेक वर्षे ठीक असलेल्या व्यक्तीस अचानक मलावरोध सुरू झाला, मलात रक्त दिसले, वजन घटले किंवा रक्तक्षय आढळला, तर मात्र रेचक देऊन वाट पाहू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका मनात धरून तपासणी करावी.

पातळ शौच आणि आत अडकलेला खडा

या विषयातील सर्वांत घातक गैरसमज येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. खाटेवरील वृद्ध व्यक्तीचे अंथरूण दिवसातून चार-पाच वेळा पातळ मलाने खराब होऊ लागले, की साहजिकच सर्वजण म्हणतात, ‘जुलाब लागले.’ रेचक बंद होते, जुलाब थांबविण्याची गोळी सुरू होते, आणि फळे-भाज्या वर्ज्य होतात. प्रत्यक्षात अनेकदा गुदाशयात मलाचा कठीण गोळा घट्ट अडकलेला असतो आणि वरचा पातळ मल त्याच्या कडेने पाझरत असतो. ओढ्यात दरड कोसळली तरी पाणी खडकांच्या फटींतून वाट काढतेच, तसा हा प्रकार. अशा वेळी जुलाब थांबविणारी गोळी देणे म्हणजे दरडीवर आणखी माती लोटणे होय.

यापुढे जे घडते, त्याचा संबंध पोटाशी आहे हे नातेवाइकांच्या चटकन लक्षात येत नाही. फुगलेल्या गुदाशयाच्या दाबाने लघवी तुंबते. भूक जाते, उलट्या होतात. कालपर्यंत नातवंडांना नावानिशी हाक मारणाऱ्या आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, रात्रभर कपडे ओढतात, खाटेवरून उतरू पाहतात. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे समजून त्यांना झोपेचे औषध दिले जाते, आणि त्या औषधाने आतडे आणखी मंदावते. क्वचित प्रसंगी कठीण मलाच्या दाबाने आतड्याला व्रण पडून छिद्र होते. ही अवस्था प्राणघातक असते.

निदानासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. हातमोजा घालून, वंगण लावून, रुग्णाची संमती घेऊन आणि पडदा ओढून केलेली गुदाशयाची बोटाने तपासणी बहुतेक वेळा पुरेशी ठरते. खडा त्याहून वर असेल, तर पोटाच्या क्ष-किरण चित्रात दिसतो. ज्या वृद्धास स्मृतिभ्रंश आहे, ज्याला ‘पोट दुखते’ हे शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत अचानक आलेली अस्वस्थता हीच तक्रार समजून आधी पोटाकडे आणि मूत्राशयाकडे पाहावे.

वेळ, बैठक आणि आडोसा

जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्या-पिण्यानंतर, मोठ्या आतड्यात स्वाभाविक हालचाल सुरू होते. ‘चहा घेतल्याशिवाय होत नाही’ असे म्हणणारे आजोबा शरीरशास्त्राला धरूनच बोलत असतात. न्याहारीनंतरच्या अर्ध्या तासात रुग्णास कमोडवर बसविले, तर निसर्गाचे साहाय्य मिळते. ती वेळ निघून गेली की दिवसभर औषधावर भिस्त.

बैठकीचेही तसेच आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या उकिडव्या बसत आल्या. त्या आसनात गुदमार्गाचा बाक सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २८ निरोगी व्यक्तींनी उकिडवे बसून आणि कमोडवर बसून लागणारा वेळ नोंदविला. उकिडवे बसल्यावर सरासरी ५१ सेकंद लागले, तर कमोडवर त्याच्या दुपटीहून अधिक. गुडघे झिजलेल्या व्यक्तीला उकिडवे बसविता येत नाही, हे खरेच. परंतु कमोडवर बसवून पायांखाली साधा लाकडी पाट अगर चौरंग दिला, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आणले आणि किंचित पुढे झुकविले, तर बराचसा लाभ मिळतो. याउलट उताणे निजून बेडपॅनवर शौच करणे हे धडधाकट माणसालाही कठीण. म्हणून दोघांच्या आधाराने का होईना, जो बसू शकतो त्याला बसवावे.

आणि आडोसा. ज्या गृहस्थांनी सत्तर वर्षे दार लावून हा विधी केला, त्यांनी सहा खाटांच्या खोलीत, शेजारी कोणी न्याहारी करीत असताना तो करावा ही अपेक्षाच अमानुष आहे. ते वेग अडवितात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एका संपूर्ण अध्यायाचे नाव ‘नवेगान्धारणीय’ आहे, आणि अडवू नयेत अशा तेरा वेगांत मलाचा वेग गणलेला आहे. घंटी वाजविल्यावर मावशी पोहोचेपर्यंत वीस मिनिटे लागत असतील, तर तो वेग रुग्ण अडवीत नाही, व्यवस्था अडविते.

रेचके: कोणते, कोणाला, केव्हा

हे सारे सांभाळूनही बहुसंख्य निवासी वृद्धांना औषध लागतेच, आणि ते देण्यात काही कमीपणा नाही. मात्र सर्वांना रात्री एकच चमचा, ही पद्धत सोयीची असली तरी शास्त्रीय नव्हे.

उत्तर गुजरात व राजस्थानात पिकणारे इसबगोल घरोघरी परिचित आहे. चालत्या-फिरत्या आणि भरपूर पाणी पिणाऱ्या व्यक्तीस ते उत्तम. परंतु ते पाणी शोषून फुगते. मोठा पेलाभर पाण्याशिवाय घेतल्यास घशात वा अन्ननलिकेत अडकू शकते, आणि मंदावलेल्या आतड्यात त्याचाच गोळा होऊ शकतो. गिळण्यास त्रास असलेल्या, खाटेवरील किंवा खडा अडकलेल्या रुग्णास ते देऊ नये. कोंडा आणि तंतुमय आहार यांचेही तेच. तरुणांना हितकर ते सर्वांना हितकर असे नाही.

मल मऊ ठेवण्यासाठी आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधे निवासी वृद्धांना अधिक मानवतात. लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पाण्यात विरघळणारी भुकटी ही त्यांतील प्रमुख. २०१० साली या दोहोंची तुलना करणाऱ्या दहा चाचण्यांचा, ८६८ रुग्णांचा, एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल सरस ठरले. २०२३ साली अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेतही त्याचीच ठाम शिफारस आहे. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कॉक्रेनच्या आढाव्यातील रुग्ण तीन महिन्यांच्या बालकांपासून सत्तर वर्षांपर्यंतचे होते. म्हणजे आमच्या विभागातील बहुतेकांचे वय ज्या टप्प्यापुढे आहे, तेथे तो अभ्यास थांबतो. म्हणून शिफारस मान्य करूनही आम्ही तक्त्यावरील नोंद हीच अखेरची कसोटी मानतो. ही दोन्ही औषधे त्याच रात्री गुण देत नाहीत. एक ते तीन दिवस लागतात. ‘काल दिले, आज काही नाही’ म्हणून मात्रा दुप्पट करण्याची घाई करू नये. तसेच गिळण्याच्या त्रासामुळे ज्यांचे पाणी स्टार्चयुक्त भुकटीने दाट करून दिले जाते, त्यांच्यासाठी आणखी एक सावधगिरी आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास ते मिश्रण पुन्हा पातळ होते व श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. याविषयी ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये इशारा दिला आहे.

दुसरा गट आतड्याला चालना देणाऱ्या औषधांचा: सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट. यांनी ‘आतडे आळशी होते’ ही भीती सार्वत्रिक आहे. योग्य मात्रेत घेतल्यास तसे होते याला आज पुरेसा आधार नाही. मॉर्फिनसारखी वेदनाशामके चालू असलेल्या रुग्णास तर हा गट पहिल्या दिवसापासून लागतो. बिसाकोडिलच्या गोळीबाबत एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे रात्रीची गोळी दुधाबरोबर देण्याची सवय आहे. या गोळीवरील आवरण आतड्यात पोहोचेपर्यंत टिकावे असे बनविलेले असते, आणि दूध वा आम्लनाशकाने ते जठरातच विरघळून पोटात कळा येतात. ती पाण्याबरोबरच द्यावी.

पॅराफिन तेल असलेली पातळ औषधे खाटेवरील, गिळण्यास त्रास असलेल्या वृद्धांना देणे आम्ही टाळतो. तेलाचे कण फुफ्फुसात जाऊन विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. मॅग्नेशियमयुक्त औषधे मूत्रपिंड दुर्बल असल्यास रक्तात साचतात. फॉस्फेटच्या एनिमाविषयीही अशीच काळजी घ्यावी लागते. एका दिवसात एकाहून अधिक मात्रा दिल्यास मूत्रपिंड व हृदय यांना गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली दिला होता, आणि ५५ वर्षांवरील व्यक्तींचा त्यात खास उल्लेख होता. साबणाच्या पाण्याचा एनिमा आतड्याच्या अस्तराला दाह करतो. तो इतिहासजमा व्हावा. नवे ते चांगले, असेही समजण्याचे कारण नाही. एके काळी आतड्याची गती वाढविण्यासाठी सर्रास लिहिली जाणारी सिसाप्राइड आणि टेगासेरॉड ही दोन औषधे हृदयविषयक धोक्यांमुळे भारतात २०११ साली बंद करण्यात आली.

गोळीची वेळ आणि माणसाची वेळ

सोनामुखी वा बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांनी गुण देते. रात्री आठला दिलेली गोळी पहाटे दोनपासूनच परिणाम दाखवू शकते. त्या वेळी विभागात एकच मावशी असेल, तर रुग्ण एक तर अंथरुणात शौच करतो, नाही तर अंधारात एकटा उठून पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो. तीच गोळी रात्री दहाला दिली, तिचा वेग सकाळच्या चहानंतरच्या वेळेशी जुळविला, आणि त्या वेळी कमोडची खुर्ची व आधार देणारे दोन हात हजर असले, तर तेच औषध रुग्णास मानाने त्याचे काम उरकू देते. रेचकाची वेळ ठरविताना आम्ही म्हणूनच प्रथम कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचा तक्ता पाहतो.

विश्वस्त मंडळासमोर साहित्याची मागणी ठेवताना हा मुद्दा आम्हास मांडावा लागतो. चाकांच्या कमोड-खुर्च्या, भिंतीवरील आधाराचे दांडे, पायांखालचे चौरंग, दोन खाटांमधील पडदे आणि सकाळी सहा ते नऊ या वेळेत जादा मावशी व मामा यांच्यावरील खर्चास उद्‌घाटन समारंभ नसतो. क्ष-किरण यंत्रास मिळणारा देणगीदार चौरंगास मिळत नाही, आणि यात देणगीदारांचा दोष नाही. आम्हीच हा विषय त्यांच्यासमोर आजवर फारसा आणलेला नाही.

नातेवाइकांना दोन विनंत्या आहेत. भेटीस येताना घरातून आणलेले चूर्ण, काढा वा गोळ्या आमच्या परिचारिकांना दाखवाव्यात. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. आम्ही दिलेल्या मात्रेवर तिची आणखी मात्रा पडली की जुलाब होतात, पोटॅशियम घसरते, आणि कारण कोणालाच उमगत नाही. चूर्ण आणू नका असे आमचे म्हणणे नाही. ते आमच्या नोंदीत असावे एवढेच. दुसरे असे की, दाखल करताना आपल्या आई-वडिलांची जुनी सवय आम्हास सांगावी: ते कधी उठत, चहा आधी की शौच आधी, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरीत की कमोड, आणि या विधीला ते कोणता शब्द वापरतात. ‘परसाकडे जायचे आहे’ असे एखादे आजोबा वारंवार म्हणतात आणि नव्या पिढीतील परिचारिकेस त्याचा अर्थ कळत नाही, असे घडू शकते. दाखल्याच्या अर्जात या माहितीसाठी स्वतंत्र रकाना ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. शौचाचा तक्ता प्रत्येक रुग्णाच्या नोंदवहीत असतो, आणि नातेवाइकांना तो भेटीच्या वेळेत परिचारिकेकडे मागून पाहता येईल.